धूळ नसलेलं गाव

फार जुनी नाही आणि फार नवीही नाही, अशी ही गोष्ट. टेकडीच्या कुशीत चाळीस उंबऱ्यांचं एक गाव होतं. गावाला नदी होती, देऊळ होतं, मंगळवारचा बाजार होता. नव्हती ती फक्त धूळ. म्हणजे धूळ होती. पण ती कोणाच्या घरात आहे असं विचारलं, की जो तो शेजाऱ्याच्या दाराकडे बोट दाखवायचा.

या गावातली वेणू नावाची मुलगी लहानपणीच सात नद्या ओलांडून दूरच्या विद्यानगरीत शिकायला गेली होती. तिथे ती ताऱ्यांची नावं शिकली, झाडपाल्याचे गुण शिकली, चार भाषांत पत्रं लिहायला शिकली. आणि कुठल्याही पोथीत नसलेली एक गोष्ट तिने तिथे डोळ्यांनी पाहिली. तिथल्या घरांमध्ये सफाई करणाऱ्या माणसांची टोळी यायची. पाणी, राख, चिंच, कुंचे, सगळं सामान घेऊन यायची आणि दोन प्रहरांत घर आरशासारखं करून जायची. घरची माणसं त्यांना "या, बसा" म्हणायची, आधी गूळपाणी द्यायची आणि मग काम सांगायची.

वेणूला हे इतकं आवडलं, की शिक्षण संपवून ती गावी परतली ती खांद्यावर लांब दांड्याचा कुंचा घेऊनच.

आई दारात भाकरतुकडा ओवाळायला उभी होती. कुंचा पाहून तिचा हात हवेतच थांबला. "एवढं शिकलीस आणि लोकांची घरं झाडणार?"

"आई, न शिकलेल्या बायका जन्मभर झाडतातच की. मग शिकलेलीने का झाडू नये? आणि झाडायचंच, तर नीट, ठरवून आणि मानाने का नाही?"

"मान काही केरात सापडत नाही गं."

"शोधून तर बघते," वेणू म्हणाली आणि हसत घरात शिरली.

गावाबाहेर एका रंगाऱ्याचा कारखाना होता. तिथे कोंडाबाई आणि तान्हाबाई अशा दोघी जणी दिवसभर उकळत्या कढयांमध्ये सूत बुडवायच्या. त्यांचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते. वेणू त्यांच्याकडे गेली.

"मावशी, तुमच्या हातांना तुळया पुसता येतात, भिंती पोतारता येतात, पितळ तर तुम्ही असं घासता की त्यात तोंड बघावं. मग वाफेत उभं राहून खोकत का बसता? माझ्याबरोबर या."

कोंडाबाई बोलकी होती. ती म्हणाली, "येतो बाई. पण तिघींच्या चुली पेटायच्या तर किती घरं लागतील?"

"नेमाची सात."

"आणि मिळतील?"

"सात काय, सत्तर मिळतील!"

"गावात घरं चाळीसच आहेत," तान्हाबाई म्हणाली. ती दिवसातून एखादंच वाक्य बोलायची, पण ते नेमकं असायचं.

रंगारी माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "वसुबारसेचा दिवा लागेपर्यंत मी तुमची जागा रिकामी ठेवतो. तोवर सात घरं मिळाली तर सुखाने राहा. नाही मिळाली तर परत या. त्यानंतर मात्र मला दुसरी माणसं बघावी लागतील."

दसरा नुकताच झाला होता. वसुबारसेला सतरा दिवस होते.

पहिल्या दिवशी वेणूने देवळाच्या पारावर उभं राहून भाषण केलं. धुळीने खोकला कसा होतो, जळमटांनी डोळे कसे चुरचुरतात, स्वच्छ घरात मन कसं प्रसन्न राहतं, सगळं तिने जीव ओतून सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका आजोबांनी तर डोळे पुसले. मग सगळे उठून आपापल्या घरी जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी ती दारोदार फिरली.

"आमच्याकडे?" जोशीणबाई म्हणाल्या. "अगं, आमच्याकडे कसली आली आहे घाण? पलीकडे सोनारीणबाईंकडे विचार. तिथे गरज आहे. मी सांगितलं म्हणू नकोस हं."

सोनारीणबाई म्हणाल्या, "इश्श! माझ्या घरात जमिनीवर दूध सांडलं तर चाटून घ्यावं. पाटलीणबाईंकडे जा. एवढं मोठं घर, त्यांच्याने काय आवरतंय?"

पाटलीणबाई ओसरीवरच सुपारी कातरत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पोरी, सफाईला बाहेरची माणसं बोलावली, तर गाव म्हणेल पाटलीणबाईंचं घर उकिरडा झालंय. जोशीणबाईंना विचार. त्यांच्या माळ्यावर उंदरांच्या वराती निघतात म्हणे."

सहा दिवस असेच गेले. सगळ्या गावात घाण होती आणि एकाही घरात नव्हती.

मग वेणूने एक युक्ती काढली. तिने दवंडी पिटवली, की येत्या आठवड्यात आम्ही घरोघर येऊ आणि पहिली सफाई फुकट करून देऊ. एकदा करून दाखवलं की लोक आपणच पुन्हा बोलावतील, असं तिला वाटलं. फुकट म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? चाळीसही घरांनी होकार दिला.

सोमवारी तिघी जोशीणबाईंकडे पोचल्या, तर घर लखलखत होतं. जोशीणबाई पहाटेच उठल्या होत्या. त्यांनी भिंती झाडल्या होत्या, जमीन सारवली होती, तांब्याचे हंडे घासले होते आणि गाईच्या शिंगांनासुद्धा तेल लावलं होतं. आता त्या दमून दाराशी टेकल्या होत्या.

"काकू, हे काय?" वेणूने विचारलं.

"अगं, तुम्ही येणार म्हणून जरा आवरलं. तुम्हाला घाण घर कसं दाखवायचं? बरं दिसतं का ते?"

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तेच. चौथ्या घरी तर सासू, दोन सुना आणि घरधनी चौघेही अंगावर चुन्याचे शिंतोडे घेऊन उभे होते आणि भिंत अजून ओली होती.

"अगं वेणू," कोंडाबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "आपण येणार या धाकानेच ही माणसं घर झाडतात! आपण केरसुणी न उचलता अख्खं गाव साफ करतोय!"

खरंच होतं ते. आठवड्याभरात गाव असं उजळलं, की वाटेने जाणारे वाटसरू थांबून विचारायचे, इथे कुणाचं लग्न आहे का? वेणू, कोंडाबाई आणि तान्हाबाई घरोघर जायच्या, गूळपाणी प्यायच्या, "किती छान ठेवलंय हो घर" म्हणायच्या आणि कोरड्या कुंच्यांनिशी परत यायच्या. दुसऱ्या सफाईला मात्र कुणीच बोलावलं नाही. स्वतः मरमर राबून झालेल्या कामासाठी दुसऱ्याला कोण बोलावणार?

एका संध्याकाळी तिघी नदीकाठी पाय पाण्यात सोडून बसल्या होत्या. तान्हाबाईने दिवसाचं आपलं वाक्य उच्चारलं.

"प्रत्येक घरात एक कुलूप आहे."

वेणूने वळून पाहिलं. तान्हाबाईचं बरोबर होतं. चाळीसही घरांत, कुठे स्वयंपाकघरामागे, कुठे जिन्याखाली, एक दार बंद होतं. वेणूने विचारलं होतंही. कुणी म्हणालं, "तिथे देवाचं सामान आहे." कुणी म्हणालं, "तिथे काही नाहीच." काहीच नाही, मग कुलूप कशाला? गावाने जे जे दिसणारं ते झाडलं होतं आणि न दाखवण्यासारखं सगळं त्या एका दाराआड ढकलून दिलं होतं.

"म्हणजे," वेणू हळूच म्हणाली, "यांना झाडणारी माणसं नको आहेत असं नाही. यांना बघणारी माणसं नको आहेत."

पण हे कळून उपयोग काय? कुलपं काही भाषणाने उघडत नाहीत.

वसुबारस दोन दिवसांवर आली. त्या दिवशी झुंजुमुंजू होताना वेणूच्या परसातल्या दाराची कडी वाजली. बाहेर सोनारीणबाई डोक्यावरून पदर ओढून उभ्या होत्या.

"वेणू, माझ्या लेकीचा पहिला दिवाळसण आहे. जावई येणार, विहीणबाईही येणार. त्यांना निजायला मागची खोली द्यावी लागेल. आणि ती खोली..." त्या अडखळल्या. "उद्या सकाळी येशील? पण कुंचा पदराखाली लपवून आण. कुणी विचारलं तर सांग, पापड लाटायला चाललेय."

"खोटं कशाला सांगू, काकू? कुणी विचारलं तर काहीच सांगणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनारीणबाईंनी कुलपात किल्ली फिरवली. दार उघडायला तिघींना खांदा लावावा लागला. आत मोडका पाळणा होता, उंदरांनी कुरतडलेल्या गाद्या होत्या, दांडे तुटलेल्या छत्र्या होत्या, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या होत्या. कोळ्यांनी तर एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत मच्छरदाणीच विणली होती. वेणूचे डोळे चमकले. कितीतरी दिवसांनी खरी धूळ भेटली होती!

"पदर खोचा मावशी!" ती म्हणाली.

तिघी कामाला लागल्या. कोंडाबाईने गाणं धरलं, तान्हाबाईने जळमटं उतरवली, वेणू खिडकीची गंजलेली कडी उघडून केराच्या पाट्या बाहेर नेऊ लागली. दुपार होईतो खोलीची जमीन दिसू लागली. आणि मग अगदी कोपऱ्यातल्या गाद्यांखालून एक भलीमोठी पितळी परात निघाली. त्या गावात भांड्यांवर नाव घालून घ्यायची पद्धत होती. परातीच्या काठावर ठसठशीत अक्षरं होती: पाटील.

"अगो बाई, ही तर पाट..." कोंडाबाईने तोंड उघडलं, तोच तान्हाबाईने ओलं फडकं तिच्या हातात असं कोंबलं, की पुढचं वाक्य पाण्यातच गेलं.

सोनारीणबाई उंबऱ्यावर मटकन बसल्या.

"थोरल्याच्या मुंजीला आणली होती मागून," त्या म्हणाल्या. "बारा वर्षं झाली. मुंज झाली आणि आमचे हे आजारी पडले. दुकान बंद. घरात साखरेची चिमूट नव्हती. आता तूच सांग, मागून आणलेलं भांडं रिकामं कसं परत पाठवायचं? आपल्यात तसं करतात का? म्हटलं, चार दिवसांनी लाह्या भरून देऊ. लाह्या झाल्या, तेव्हा वाटलं, एवढा उशीर केला, आता लाडू तरी हवेत. लाडू होईपर्यंत वर्ष गेलं. वर्षाने नुसते लाडू कसे चालतील? म्हटलं, आता पुरणपोळ्या आणि वर खण. असं करत करत परात जड होत गेली बाई. मग एक दिवस पाटलीणबाईंनीच विचारलं, 'आमची परात तुमच्याकडे तर नाही ना राहिली?' आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'नाही हो.'"

त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "त्या दिवशी कुलूप घातलं. आणि एकदा कुलूप घातलं, की त्याच्याआड काय काय जाऊन पडतं, ते तुम्ही बघताच आहात."

वेणू हसली नाही. "असं कसं केलंत?" असंही म्हणाली नाही. तिने चिंचेचा कोळ आणि राख घेतली, परात मांडीवर घेतली आणि घासायला बसली. सोन्यासारखी झाल्यावर तिने ती भिंतीशी उभी करून ठेवली.

"काकू, खोली झाली. विहीणबाई खूश होतील."

"आणि ही परात?"

"ती घासायची होती, घासली. पुढचं तुमचं."

तिघी बाहेर पडल्या, तर आळीच्या तोंडाशी पाटलीणबाई वाटच बघत उभ्या होत्या. पदराखाली लपवलेला कुंचा वीतभर बाहेर आला होता, आणि पाटलीणबाईंच्या नजरेतून आजवर काही सुटलं नव्हतं.

"सोनारणीची मागची खोली उघडली म्हणे," त्या म्हणाल्या.

वेणू नुसती हसली.

"हे बघ पोरी, मी आडपडदा ठेवत नाही. उद्या वसुबारस. तुला सात घरं हवी होती, एक झालं, सहा उरली. गावाला सगळं ठाऊक असतं. आता ऐक. एक माझं घर. दोन माझ्या जावांची, त्या माझ्या शब्दाबाहेर नाहीत. तीन माझ्या भावजयांची, त्यांना मी सांगेन तेच खरं. सहा झाली? उद्या सकाळपासून ये. मला फक्त एक सांग. त्या खोलीत माझी परात आहे का? बारा वर्षं मला संशय आहे."

वेणूने घसरलेला कुंचा पुन्हा पदराखाली घेतला.

कोंडाबाई तिच्या कानाशी लागली. "सांग ना गं! परातच तर आहे, मुडदा थोडाच पुरलाय कुणी! आणि वस्तू त्यांचीच आहे."

तेच तर अवघड होतं. परात खरोखर पाटलीणबाईंची होती. सांगण्यात खोटं नव्हतं. उलट ज्याचं त्याला मिळालं असतं. आणि मागे उभ्या असलेल्या या दोन बायका वेणूच्या शब्दावर हातातलं काम सोडून आल्या होत्या. त्यांचे हात आता कुठे निळ्याचे पांढरे व्हायला लागले होते. एक 'हो' म्हटलं, की ते हात कायमचे कढयांतून सुटणार होते.

पण सोनारीणबाईंनी दार उघडलं होतं ते धूळ काढण्यासाठी. आज एक खरी गोष्ट बाहेर नेली, तर उद्या गमतीची नेईन, परवा तिखटमीठ लावून नेईन. मग मी सफाईवाली कसली? केर उचलून दुसऱ्याच्या अंगणात टाकणारीच मी.

"काकू," वेणू म्हणाली, "त्या घरातून मी केर बाहेर आणलाय. गोष्ट आणली नाही."

"म्हणजे परात आहे!"

"मी आहे म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. उद्या तुमच्या घरातून निघेन, तेव्हाही मला कुणी विचारलं तर एवढंच म्हणेन."

"माझ्या घरात तू पाऊल टाकशील तेव्हा ना!" पाटलीणबाई कडाडल्या. "आणि माझ्याच का, सहाच्या सहा घरांत!" आणि त्या फणकाऱ्याने निघून गेल्या.

कोंडाबाई तिथेच खाली बसली. "सहा घरं! एका शब्दाला सहा घरं! सोनाराकडेसुद्धा एवढा भाव मिळत नाही गं! आता उद्यापासून पुन्हा ती कढई आणि ते निळं पाणी."

वेणूचे डोळे भरून आले. "मावशी, मला माफ करा. मी तुम्हाला फसवलं. पण ते मला जमलं नसतं."

तान्हाबाई म्हणाली, "कढई तापायला अजून एक दिवस आहे."

इकडे पाटलीणबाईंचा राग काही मावेना. त्या विहिरीवर गेल्या आणि तिथे पाणी भरणाऱ्या बायकांना म्हणाल्या, "काय हट्टी पोर आहे! एवढं विचारलं, एवढं आमिष दाखवलं, पण दातखीळ बसल्यासारखी गप्प! सोनारणीच्या खोलीत काय आहे, हे ब्रह्मदेव आला तरी सांगणार नाही म्हणे!"

"भलतीच बाई," बायका म्हणाल्या. पण बोलता बोलता त्यांच्या घागरी भरून वाहू लागल्या, तरी कुणाचं लक्ष नव्हतं.

मग पाटलीणबाई देवळात गेल्या. तिथेही हेच सांगितलं. फुलवालीला सांगितलं, तेलीणबाईंना सांगितलं, बांगड्या भरायला बसलेल्या बायकांना सांगितलं. "सहा घरं नाकारली, पण तोंड उघडलं नाही! मेली तिजोरी आहे तिजोरी!" जी ती ऐकायची, मान डोलवायची, "हो ना, काय बाई तरी!" म्हणायची आणि कमरेची किल्ली चाचपत घरी जायची.

वसुबारसेच्या सकाळी जोशीणबाई वेणूच्या दारात आल्या. हातात वाटी होती.

"विरजण आहे का गं थोडं?"

वेणूने विरजण दिलं. जोशीणबाई गेल्या नाहीत.

"पाटलीणबाई म्हणत होत्या... तू काही म्हणजे काहीच सांगितलं नाहीस?"

"कशाबद्दल, काकू?"

जोशीणबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि घाईघाईने म्हणाल्या, "आमच्या जिन्याखाली एक खोली आहे. दिवाळी झाली की लगेच ये. आणि मग दर पंधरवड्याला येत जा."

त्या वळल्या, तोवर तेलीणबाई कोथिंबीर मागायला आल्या. मग कासारीणबाई सुई मागायला. मग एक आजी वाट चुकून. आणि भर दुपारी चक्क पाटलीणबाईंची धाकटी जाऊ मागच्या कुंपणाच्या भोकातून आत आली. "आमच्या मोठ्या जाऊबाईंना सांगू नका हं," ती म्हणाली, आणि मग स्वतःच खुदकन हसली. "तुम्हाला काय सांगायचं म्हणा!"

कोंडाबाई बोटांवर मोजत होती. "सोनारीणबाई, जोशीणबाई, तेलीणबाई, कासारीणबाई, आजी, धाकटी जाऊ. सहा! पाटलीणबाईंनी सहा घरं नाकारली आणि यातली पाच त्यांनीच मिळवून दिली. आता एकच!"

पण दुपार कलली तरी सातवं कुणी आलं नाही.

त्याच वेळी आळीत एक वेगळीच गोष्ट घडत होती. सोनारीणबाईंनी कालची अख्खी दुपार जीव मुठीत धरून काढली होती. पाटलीणबाई वेणूला गाठणार, वेणू सांगणार, आणि संध्याकाळपर्यंत गाव आपल्या दारात थुंकणार, असं त्यांना वाटत होतं. तसं काहीच झालं नाही. उलट वेणूने सहा घरांवर पाणी सोडलं, पण आपलं नाव काढलं नाही, हे त्यांना विहिरीवर कळलं. त्या घरी आल्या, कढई चढवली आणि रात्र व्हायच्या आत घाणाभर करंज्या तळून काढल्या. आता भर दिवसा, डोक्यावर ती चकचकीत परात घेऊन, कुणापासूनही न लपता, त्या आळीतून चालल्या होत्या.

पाटलीणबाईंच्या ओसरीवर त्यांनी परात उतरवली.

"वहिनी, ही तुमची परात. बारा वर्षं माझ्याकडे होती. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले."

आळीतली सगळी दारं उघडली. पाटलीणबाई परातीवरच्या आपल्या नावाकडे बघत राहिल्या.

"बारा वर्षं?" त्या म्हणाल्या. "का गं?"

"रिकामी कशी पाठवायची म्हणून."

"अगं वेडे, मला परात हवी होती, करंज्या नव्हे! रिकामी पाठवली असतीस तर मी काय तुला सुळावर चढवलं असतं?"

"तुम्ही बोलला असतात."

पाटलीणबाईंनी क्षणभर विचार केला. "बोलले असते," त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या. "वर्षभर बोलले असते." आणि मग त्यांना असं हसू फुटलं, की अडकित्ता हातातून पडला. सोनारीणबाई रडता रडता हसायला लागल्या. दोघींनी तिथेच बसून एकेक करंजी खाल्ली. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर ती चहाडी झाली असती आणि दोन घरं जन्माची तुटली असती. स्वतः सांगितलं, म्हणून नुसत्या सांगण्याने ती जोडली गेली.

पण दुसरी करंजी उचलताना पाटलीणबाईंचा हात थांबला. परात इतकी लखलखीत कुणी घासली, ते त्यांच्या ध्यानात आलं. म्हणजे काल त्या पोरीने ही परात पाहिली होती. मांडीवर घेऊन घासली होती. आणि तरी...

सूर्य टेकडीआड चालला होता. गोठ्यांतून गाई-वासरांच्या पूजेची तयारी चालू होती. वेणूच्या अंगणात रंगारी येऊन उभा राहिला. "काय मग? येताय का उद्यापासून?"

"सहा झालीत," कोंडाबाई केविलवाण्या सुरात म्हणाली. "सहावर नाही का हो भागणार?"

तेवढ्यात पाटलीणबाई आल्या. एकट्या. पुढच्या दाराने, ताठ मानेने, पण आवाज मात्र खाली.

"पोरी, तुला सगळं माहीत होतं."

"काय, काकू?"

"अगं, आता तर खुद्द तिनेच मला सांगितलंय! आता तरी म्हण हो!"

"त्यांनी काय सांगितलं, ते त्यांना ठाऊक आणि तुम्हाला ठाऊक," वेणू म्हणाली.

 पाटलीणबाई रंगाऱ्याकडे वळल्या. "तुम्ही दुसरी माणसं बघा. या माझ्याकडे येणार आहेत." रंगाऱ्याने हसून हात जोडले आणि तो दुसरी माणसं बघायला निघाला. पाटलीणबाई वेणूच्या जवळ सरकल्या. "आमच्याकडेही एक खोली आहे."

"अगं बाई! काय आहे तिच्यात?" कोंडाबाईला राहवलंच नाही.

पाटलीणबाईंनी डोळे वटारले. वेणू पटकन पुढे झाली. "तसं नाही, काकू. मावशींना एवढंच ठरवायचंय, की केरसुण्या किती आणायच्या."

पाटलीणबाईंनी आपल्या घराकडे वळून पाहिलं, आणि मग अगदी हळू, फक्त तिघींना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात त्या म्हणाल्या, "असतील नसतील तेवढ्या सगळ्या आणा. आणि एक बैलगाडीसुद्धा."

तात्पर्य एवढंच: झाडणारे हात गावात पुष्कळ असतात, पण माणूस आपलं बंद दार उघडतो ते दुसऱ्याची लाज स्वतःच्या लाजेसारखी सांभाळणाऱ्यासाठीच.